येतो म्हणून गेलेले : सीमोल्लंघनाच्या अभ्यासात शिरताना

बाराव्या शतकातले जैन आचार्य हेमचंद्र यांनी प्राकृताचं व्याकरण रचलं. त्यात एक नियम एका गावापुरता आहे. ‘अचलपूर’ या शब्दातल्या च आणि ल यांची अदलाबदल होते, एवढंच तो सांगतो. अचलपूरचं अलचपूर झालं, पुढे त्याचं एलिचपूर झालं. इंग्रजांच्या दप्तरात गाव त्याच नावाने चढलं आणि आता सरकारी पाटीवर पुन्हा अचलपूर आहे. ज्या नावाचा अर्थच ‘न हलणारं’, त्यातल्या दोन अक्षरांनी एकमेकांच्या जागा घेतल्या आणि काही शतकांनी ती आपापल्या घरी परतली.

मी याच गावात बसून लिहितो आहे. गावाला खेटून परतवाडा, इंग्रजांच्या छावणीभोवती वाढलेला. दोन्हींच्या आसपास वाहणाऱ्या नद्यांची नावं सापन आणि बिच्छन; साप-विंचवांची आठवण करून देणारी ही नावं ऐकून पाहुणे दचकतात. परतवाडा नावाची व्युत्पत्ती मी सांगत नाही, त्या वाटेला गेलेले बहुतेक जण पाय घसरून पडले आहेत. पण एका गावाच्या नावात ‘अचल’ आणि दुसऱ्याच्या नावात ‘परत’, हा योगायोग मला या विषयासाठी उपयोगी पडतो. सीमा ओलांडण्याबद्दल आजवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक जाण्याबद्दल आहे. परतणं त्यात क्वचित येतं. या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाला उंबरठ्यावरच मला ही तक्रार सांगायची आहे, म्हणजे पुढे कुठे बघायचं ते त्याला कळेल.

या अभ्यासाला विद्यापीठात स्वतःची खोली नाही. थोडा भाग मानववंशशास्त्रात सापडेल, थोडा धर्मेतिहासात, थोडा भाषाशास्त्रात आणि बराचसा तहसील कचेरीत. पश्चिमेत त्याचं जन्मसाल सांगायचंच तर १९०९ सांगता येईल. त्या वर्षी आर्नल्ड व्हॅन जेनेप यांनी संक्रमणविधींवरचं आपलं पुस्तक फ्रेंचमध्ये काढलं. जन्म, वयात येणं, लग्न, मृत्यू अशा प्रसंगी माणूस आधी जुन्यापासून सुटतो, मग काही काळ उंबऱ्यावर राहतो, मग नव्यात सामावतो, अशी तीन पावलांची मांडणी त्यांनी केली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये गेऑर्ग झिमेल यांनी पूल आणि दार यांच्यावर एक छोटा निबंध लिहिला. वेगळं असल्याशिवाय जोडता येत नाही, आणि जोडायचं मनात आलं की मगच वेगळेपण दिसतं, असा त्याचा रोख आहे. नवख्याने झिमेलपासून सुरुवात करावी असं माझं मत. निबंध लहान आहे आणि व्हॅन जेनेपच्या तीन पावलांची सवय लागली की माणूस सगळीकडे तीनच पावलं मोजत बसतो.

पण त्या दोघांच्याही आधी आपण मराठी शब्द नीट पाहावेत. ही शिदोरी आपल्याजवळ आहे आणि आपण ती फारशी सोडत नाही.

‘सीमा’ हा पुस्तकी शब्द. बोलण्यात त्याची झाली शीव. शिवेच्या आतलं ते शिवार. शीव गावाची असते. शेताला असतो तो धुरा; पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात तोच. धुरा ही मोठी चमत्कारिक सीमा आहे. ती चालते. शेजारी दर हंगामात नांगराचं एक तास धुऱ्यात घालतो आणि दहा वर्षांनी धुरा हातभर सरकलेला असतो. कुणी कुणाच्या शेतात गेलेलं नसतं, पण जमीन गेलेली असते. मग मोजणी येते, साखळी येते, आणि सख्खे भाऊ पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. वऱ्हाडातल्या कोर्टांतून या धुऱ्यांची जी कागदपत्रं पडून आहेत, ती वाचल्याशिवाय सीमाशास्त्रावर कुणी बोलू नये असा कायदा हवा.

‘हद्द’ अरबीतून आली. तिच्यात मर्यादेबरोबर शिक्षेचाही अर्थ होता. म्हणून हद्दपार हा शब्द आपल्याला अजून फौजदारी वाटतो. पण मराठीने तिला दोन्ही बाजूंनी वापरलं. ‘हद्द झाली’ म्हणजे आता सहन होत नाही. ‘बेहद्द खूश’ म्हणजे आनंदाला पार नाही. वेस गावाला असते आणि अब्रूलाही, म्हणून लक्तरं वेशीवर टांगली जातात. मर्यादा बहुतेक बायकांना सांगितली जाते. उंबरठा घराला असतो, पण तो ओलांडल्याची चर्चा गावभर होते. माप मात्र फक्त नव्या सुनेने ओलांडायचं. धान्याने भरलेलं ते माप तिच्या पायाने लवंडतं आणि दाणे आतल्या बाजूला सांडतात. सीमा ओलांडण्याची ही रीत किती विचारपूर्वक रचली आहे पाहा. भरलेलं माप सुनेच्या बाजूने उभं करायचं आणि लवंडायचं सासरच्या बाजूने.

आणि या सगळ्या शब्दांच्या जोडीला ओलांडण्याचाच संस्कृतातला एक धातू आहे, तॄ. तरणं, पार होणं. त्यातून तीर्थ आलं. मुळात नदीचा उतार, जिथे पायी पलीकडे जाता येतं ती जागा. त्यातूनच तीर्थंकर, त्यातूनच अवतार, म्हणजे वरून खाली ओलांडून येणारा. परीक्षेत पोरगा उत्तीर्ण होतो तोही याच धातूच्या पुण्याईने. उतारा तर घराघरात आहे: एक सातबाऱ्याचा, ज्यात आपली हद्द लिहिलेली असते; दुसरा तिठ्यावर ठेवलेला, लिंबू-मिरचीचा, ज्यात आपली पीडा आपल्या हद्दीबाहेर काढलेली असते. पूर्वी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेत आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून येत. ते गाव तिला त्याच्या पुढच्या गावाला पोचवी. रोग घालवण्याची ही रीत शेजाऱ्याच्या जिवावर चाले, हे सांगायला कुणाला संकोच वाटत नसे. सीमेपलीकडच्याचं काही बिघडलं तर ते आपलं बिघडणं नव्हे, हा तिच्यातला हिशेब आजच्या मोठ्या सरहद्दींवरही तसाच लागू आहे.

आता एक उलटं उदाहरण. आपण धरून चालतो की सीमा जागच्या जागी असते आणि माणूस ती ओलांडतो. वऱ्हाडाचा इतिहास सांगतो की माणूस जागच्या जागी राहतो आणि सीमा त्याला ओलांडून जाते.

अचलपुरात १८९५ साली जन्मलेली एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. ती लग्न होऊन याच गावात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली आणि जन्मभर तिथेच राहिली. जन्मली तेव्हा तिचा जिल्हा एलिचपूर. मालक कागदावर हैदराबादचा निजाम, कारभार मात्र इंग्रजांचा, कारण १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला होता. ती सात वर्षांची असताना लॉर्ड कर्झनने निजामाकडून वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं. ती दहाची झाली तेव्हा एलिचपूर जिल्हाच मोडला आणि ती अमरावती जिल्ह्यात आली. चाळिशीत असताना निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले. त्या राजपुत्राचं राज्य तिच्या ओसरीपर्यंत कधी पोचलं नाही. १९५० मध्ये ती मध्य प्रदेशची रहिवासी झाली, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्याची, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राची. मधे फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, म्हणजे आणखी एक राज्य तिच्या दारावरून पुढे निघून गेलं. पासष्ट वर्षांत या बाईने इतक्या हद्दी पार केल्या, आणि पायाला चिखल लागला तो फक्त विहिरीवर.

तिच्या पूर्वजांची गोष्ट काढली तर आणखी मागे जावं लागेल, दोअमलीच्या काळापर्यंत. तेव्हा महसुलाचा वाटा निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही घेत, एकाच पिकावर दोन राज्यं उभी. मग १८०३ उजाडलं. नोव्हेंबरात आडगावची लढाई झाली. १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. बाहेरचा कोट तोफांनी फुटला होता, आतला शाबूत होता. काही शिपाई शिड्या लावून वर चढले आणि त्यांनी आतून दार उघडलं. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. एवढं रक्त सांडून घेतलेला गाविलगड मात्र त्याच तहाने भोसल्यांना परत मिळाला. भिंत ओलांडणाऱ्यांना ती भिंत नको होती, तहाच्या कागदावर सही हवी होती.

परतण्याकडे मी आता मुद्दाम वळतो.

घरातून निघणारा मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ निघालंच तर घरातलं वडीलधारं माणूस दटावतं. उंबऱ्यावर उभं राहून, पाठ फिरवायच्या आधी, परतण्याचं वचन द्यायचं अशी ही भाषेची शिस्त आहे. दसऱ्याचं सीमोल्लंघन, बोलीतलं शिलंगण, याच शिस्तीने चालतं. शिवेबाहेर जायचं, आपट्याची पानं घ्यायची आणि सोनं म्हणून घरी आणायची. दारात औक्षण होतं ते परतलेल्याचं. पावसाळा सरला की मोहिमेवर निघणाऱ्या फौजांशी या दिवसाचा संबंध जोडतात तो बरोबरच आहे, पण गावाने त्यातून जे उचललं ते निघणं नव्हतं, ते सोनं घेऊन परतणं होतं. शिवेबाहेर गेलेला माणूस तसाच पुढे निघून गेला तर त्याला शिलंगण म्हणत नाहीत.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ची गोष्ट मी या विषयाच्या मधोमध ठेवतो. त्या दिवशी दसरा होता. नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अशोक विजयादशमी म्हणून तो दिवस निवडला होता. पण गावाच्या नजरेने पाहिलं तर तो शिलंगणाचा दिवस होता आणि त्या दिवशी शीव ओलांडलेली माणसं परत न येण्यासाठी निघाली होती. दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या त्या का, हे मला विद्यार्थी विचारतात. एक प्रतिज्ञा पुरली नसती का? नसती, असं मला वाटतं. नव्या घरात शिरायला एक दार पुरतं. जुन्या घराला खिडक्या, मोरी, परसदार, माळा सगळंच असतं. परतण्याची एकेक वाट वेगळी बुजवावी लागते. बाहेर पडणाऱ्याने एवढं केलं, तरी कागदाने त्याला सोडलं नाही. नवबौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० उजाडावं लागलं. तोवर जुन्या घराचा दाखला दाखवल्याशिवाय नव्या घरातल्या पोराला केंद्राच्या सवलतींच्या रांगेत उभं राहता येत नव्हतं.

त्याआधीचं एक दार अमरावतीचं आहे, अंबादेवीचं. कौंडिण्यपूर हे वर्धेकाठचं गाव रुक्मिणीचं माहेर मानतात, आणि लग्नाआधी ती देवीच्या दर्शनाला आली ती याच अंबादेवीला, इथूनच कृष्णाने तिला नेलं, अशी इथली कथा आहे. म्हणजे लग्नाच्या मांडवातून पळून जाणाऱ्या राजकन्येला याच देवळाने वाट दिली. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र १९२७ मध्येही पायरी चढू दिली जात नव्हती. त्या वर्षी डॉ. पंजाबराव देशमुखांनी देवळाच्या प्रवेशासाठी पुढाकार घेतला, आणि नोव्हेंबरात अमरावतीला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष आंबेडकर होते. १९२७ मध्ये आत येऊ द्या म्हणणारी वाट १९५६ मध्ये बाहेर पडण्याची झाली. या दोन तारखांच्या मधलं अंतर जो नीट समजून घेईल त्याला सीमेबद्दल फार थोडं शिकायचं उरेल.

नॉर्वेचे फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती, ती इथे घ्यावी. माणसं इकडून तिकडे सतत जात-येत असली म्हणून दोन समूहांमधली रेषा पुसली जात नाही. उलट जाणं-येणं कसं, किती आणि कुणाचं, याच्या नियमांवरच ती रेषा जगते. गावकुसाबाहेरचा माणूस रोज गावात येत होता. झाडायला, गुरं ओढायला, सांगावा पोचवायला. त्याच्या येण्याने कूस पडलं नाही. कुठून यायचं आणि कुठवर यायचं हे ठरलेलं होतं म्हणून ते उभं राहिलं.

वारीकडे पाहायचं तेही हे मनात ठेवून. व्हिक्टर टर्नर यांनी व्हॅन जेनेपचं मधलं पाऊल उचललं आणि त्यावर मोठा विचार उभारला: उंबऱ्यावरच्या अवस्थेत माणसांमधले उच्चनीचतेचे थर काही काळ गळून पडतात, एक सरळ आपलेपणा उरतो. यात्रांबद्दल लिहिताना त्यांनी पंढरीची वारी घेतली आणि इरावती कर्वे यांच्या लेखाचा आधार घेतला. तो मूळचा ‘परिपूर्ती’मधला ‘वाटचाल’. इंग्रजीत तो १९६२ मध्ये गेला. गंमत अशी की कर्वे बाईंनी त्या वाटेवर दोन्ही पाहिलं होतं. गळून पडलेले थर पाहिले आणि न पडलेलेही. एकाच पालखीमागे चालणाऱ्या दिंड्यांमध्ये ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, आणि त्याचा त्यांना झालेला त्रास त्यांनी लपवला नाही. पुढच्या अभ्यासकांनी त्यातला आपलेपणा जास्त उचलला, पंगत कमी. आणि परतीच्या वाटेवर फारसं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. आषाढीनंतर वारकरी एसटीने आणि रेल्वेने एकटे-दुकटे घरी येतात, तेव्हा तो आपलेपणा डब्यात कुठे बसतो? या विषयात प्रबंध लिहू पाहणाऱ्या कुणालाही हा प्रश्न मी फुकट देतो.

या प्रदेशातला सर्वांत मोठा सीमोल्लंघक मात्र आठशे वर्षांपूर्वीचा आहे. महानुभाव पंथाच्या परंपरेप्रमाणे चक्रधर स्वामी मूळचे गुजरातेतले, भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरपाळदेव. तरुणपणी त्यांचा मृत्यू झाला, देह स्मशानात नेला आणि तिथे तो उठून बसला. पंथाची श्रद्धा अशी की द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी आपला देह सोडून या देहात प्रवेश केला. देहाची शीव ओलांडणारा याहून सरळ दाखला मला माहीत नाही. पुढे रामटेकच्या यात्रेला जातो असं सांगून ते घरातून निघाले. वाटेत रिद्धपूरला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, त्यांना गोविंदप्रभू भेटले आणि रामटेक मागे पडलं. मग साळबर्डीच्या डोंगरात बारा वर्षांचा एकांत. ती साळबर्डी आज महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या हद्दीवर आहे.

आता यातली गाठ बघा. गुजरातेतून आलेल्या, दुसऱ्याच्या देहात वसलेल्या या माणसाने आपल्या शिष्यांना काय बजावलं? कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नका, महाराष्ट्रात राहा. ज्याने सगळ्या सीमा ओलांडल्या त्याने अनुयायांभोवती एक आखून दिली. त्यांनी ती पाळली आणि मोडलीही. म्हाइंभटांनी चक्रधरांचं लीळाचरित्र मराठीत लिहिलं. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदर अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले, म्हणजे भाषा तीच ठेवून अक्षरांना कुंपण घातलं. विसाव्या शतकात ते बाहेरच्यांना उघडलं. आणि त्याच पंथाचे मठ पंजाबात, पेशावरात, काबूलपर्यंत गेले. तिथे त्यांना जयकृष्णी म्हणत आणि तिथेही मराठी पोथ्या पुजल्या जात. स्वतः चक्रधर ‘उत्तरापंथे’ निघून गेले, आणि पंथ मानतो की ते अजून तिकडेच आहेत. गेले नाहीत, यायचे आहेत. लीळाचरित्राची संहिता विष्णु भिकाजी कोलते यांनी संपादली. ॲन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंचं चरित्र इंग्रजीत नेलं आणि नद्या, यात्रा आणि प्रदेश यांवरही मोठं काम केलं. त्यांच्याकडे जायची घाई करू नका. आधी एकदा रिद्धपूरला जाऊन या. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठही उभं राहतं आहे.

इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला याच्यावर खरं तर स्वतंत्र प्रकरण हवं. विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मण घरातला हा मुलगा, लहानपणी कैद होऊन आला, मुसलमान म्हणून वाढला, १४९० मध्ये वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान झाला आणि त्याची राजधानी हे अचलपूर. गाविलगडाच्या दरवाजावर गंडभेरुंड कोरला आहे, दोन डोक्यांचा तो पक्षी, जो विजयनगरच्या नाण्यांवरही दिसतो. त्यात त्या घराची आठवण आहे असं काही अभ्यासक मानतात. असेल. दोन डोक्यांचा पक्षी एका दिशेला उडू शकत नाही, एवढं मात्र नक्की.

आणखी जवळचे एक गृहस्थ आहेत माधानचे गुलाबराव महाराज. जन्म १८८१ चा, तान्हेपणीच दृष्टी गेली, अवघ्या चौतीस वर्षांचं आयुष्य आणि त्यात ग्रंथांचा डोंगर. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत. गळ्यात मंगळसूत्र, कपाळी कुंकू. स्त्री-पुरुष या रेषेबद्दल आज जे नवे शब्द आपण बाहेरून आणतो आहोत, ते आणू नयेत असं मी म्हणत नाही. पण ते आणताना वाटेत माधान लागतं. तिथल्या शेतकऱ्यांनी या अंध तरुणाच्या मंगळसूत्राला हात जोडले ते कुठली व्याख्या वाचून?

शेवटी डोंगर. अचलपूरच्या उत्तरेला सातपुडा उभा राहतो आणि तिथेच भाषा बदलते. बोली बदलते असं नव्हे, सगळं कुळच. खाली वऱ्हाडी आणि उर्दू. वर कोरकू, जी संथाली आणि मुंडारीच्या गोतातली आहे, त्या गोताचं सर्वांत पश्चिमेचं टोक. गुंथर सोन्थायमर यांनी महाराष्ट्राच्या लोकदैवतांचा अभ्यास करताना ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ अशी जोडी वापरली: नांगराखालची वस्ती एकीकडे, रान दुसरीकडे, आणि दोघांना एकमेकांवाचून करमत नाही. ही जोडी इथे परतवाड्याच्या लाकूडबाजारात उभं राहून कळते. बहिरमच्या यात्रेतही कळते. ऐन थंडीत, हद्दीलगत, भैरवाच्या पायाशी, हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांवरचे रोडगे खात. रस्ता पुढे मध्य प्रदेशात शिरतो. मुक्तागिरीची बावन्न जैन देवळं तशीच पलीकडे, बैतूल जिल्ह्यात. पण तिथे जाणारा यात्रेकरू परतवाड्याला उतरतो. तिथून जे मुक्त झाले ते पुन्हा जन्माला यायचे नाहीत, अशी श्रद्धा. न परतणं हेच तिथे सर्वोच्च फळ आहे.

कोरकूंकडे मृत्यू असा एका झटक्यात संपत नाही. मेलेला माणूस काही काळ मधेच असतो. मग घरचे ऐपतीप्रमाणे, कधी वर्षांनीही, सिडोलीचा विधी करतात आणि तो पूर्वजांत जाऊन बसतो. लाकडाच्या फळीवर कोरीव काम करून त्याच्या नावाने मुंडा उभारतात. व्हॅन जेनेपची तीन पावलं इथे चोख जुळतात, हे मला कबूल करावंच लागतं. पण मला जास्त शिकवलं ते होळीने. कामासाठी खाली गेलेली कुटुंबं होळीला मेळघाटात परततात, आणि त्या दिवसांत रस्त्यावर दोरी किंवा आडवं लाकूड धरून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे फगवा मागितला जातो. वर्षभर ज्यांच्या वाटेत वनखात्याचं नाकं असतं, ते चार दिवस स्वतःचं नाकं लावतात. एखादी नोट, थोडं हसू, आणि दोरी खाली.

ते नाकं कुठून आलं हेही पाहायला हवं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या व्याघ्रप्रकल्पांपैकी. जंगलाचा गाभा माणसांपासून मोकळा ठेवायचा म्हणून आतल्या गावांचं पुनर्वसन सुरू झालं आणि काही गावं खाली अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात आली. घरं मिळाली, पैसे मिळाले, जमिनीबद्दलची तक्रार राहिली. जानेवारी २०१९ मध्ये त्यातली माणसं पुन्हा वर गेली, सोडून आलेल्या गावांच्या जागी. केलपाणीजवळ त्यांची आणि वनविभाग-पोलिसांची धुमश्चक्री झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. सरकारच्या भाषेत ही घुसखोरी होती, व्याघ्रक्षेत्राच्या सीमेचं उल्लंघन. जाणाऱ्यांच्या भाषेत ते गावी परतणं होतं. पाऊल एकच आणि वाटही तीच होती. एका कागदावर त्याला जाणं म्हटलं होतं आणि एका जिभेवर येणं.

या अभ्यासात येणाऱ्याने तेव्हा ग्रंथालयाआधी थोडी पायपीट करावी. मोजणीवाल्याबरोबर एक दिवस धुऱ्यावर उन्हात उभं राहावं. मूर्तिजापूरच्या फलाटावर जाऊन, अचलपूरहून ७६ किलोमीटर रांगत यायची त्या शकुंतला रेल्वेची अरुंद पटरी जिथे संपते आणि मोठी लाइन सुरू होते ती जागा पाहावी. दोन रुळांमधल्या अंतराच्या फरकापायी कापसाच्या गाठी आणि माणसं कित्येक वर्षं तिथे उतरून पुन्हा चढली. वलगावला पेढी नदीचा पूल आहे. १९०५ मध्ये घर सोडलेले, शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ ला गाडीतून अमरावतीकडे येत होते. एक्कावन्न वर्षं मुलूखभर फिरून आपल्याच जिल्ह्यात, त्या नदीशी पोचता पोचता त्यांचा श्वास थांबला. पूल साधा आहे. रहदारी बरीच असते, तेव्हा कडेला उभं राहावं.